मेणाचा घास

१

दुपारचा शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला, की मावशी दवाखान्याचं दार लोटून घेत, पाटी उलटी करत आणि मग तीन कामं ठरलेल्या क्रमाने करत. खुर्ची पुसायची. चूळ भरायच्या भांड्यात पाणी सोडायचं. आणि मागच्या खोलीत जाऊन जबड्याला घास द्यायचा.

'घास' हा मावशींचाच शब्द. खरं तर ती मेणाची पट्टी असे, दातांचे डॉक्टर मापं घ्यायला वापरतात त्या गुलाबी मेणाची. मावशी ती कोमट पाण्यात धरत, मऊ पडली की घोड्याच्या नालेसारखी वाकवत आणि खिडकीपाशी स्टँडवर बसवलेल्या प्लास्टरच्या जबड्यात, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये, अलगद सरकवत. कालची पट्टी काढून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकत. मग हात धुऊन बाहेरच्या बाकावर स्वतः जेवायला बसत.

धाकटीला हे पहिल्या दिवसापासून खटकत होतं. पेशंट तिच्या वडिलांना 'थोरले डॉक्टर' म्हणत आणि हिला 'धाकट्या डॉक्टर'. गेल्या हिवाळ्यात थोरले गेले, दवाखाना हिच्याकडे आला, पण धाकटेपण काही सुटलं नाही.

"मावशी, हे कशासाठी करता तुम्ही?"

"थोरले डॉक्टर करायचे."

"ते आता नाहीत."

"म्हणून तर मी करते."

कॉलेजात भल्याभल्या प्राध्यापकांना 'का?' विचारून भंडावून सोडणारी ही मुलगी. पण मावशींपुढे तिचं 'का' बोथट होई.

"अहो, पण काही कारण असेल की नाही?"

"दात रिकामे ठेवायचे नाहीत, एवढं त्यांनी बजावून ठेवलंय. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुम्ही पेशंटला म्हणता, ही गोळी जेवणानंतरच घ्या. तो विचारतो का, का म्हणून?"

"विचारायला हवं त्याने."

"मग दिवसाला एकच पेशंट होईल तुमचा, ताई," मावशी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून बाहेर गेल्या.

हेच वाक्य वडिलांनी धाकटीलाही सांगितलं होतं. शेवटच्या आजारपणात, जेव्हा ते मोजकंच बोलत. 'ते रिकामं ठेवू नकोस. तुझ्यासमोर तर नाहीच.' तिला वाटलं होतं, प्लास्टरचे दात एकमेकांवर घासून झिजतील म्हणून म्हणत असतील. 'तुझ्यासमोर' या शब्दाचं काय करायचं, ते मात्र तिला तेव्हा कळलं नव्हतं.

२

थोरल्यांना खटपटीचा नाद होता. बाजारात मिळणारी कुठलीही वस्तू त्यांना अर्धवट वाटे. माशांच्या पेटीचा पंप उलटा फिरवून त्यांनी लाळ ओढणारी नळी केली होती, ती अगदी हळू गुरगुरायची, त्यामुळे मुलं घाबरत नसत. चष्म्याच्या दांडीला दिवा बसवला होता. पण पेशंटांचं खरं प्रेम होतं ते थांबघंटीवर.

खुर्चीच्या उजव्या हातावर, अंगठा टेकतो बरोबर तिथे, एक बटण. ते दाबलं की भिंतीवरची पितळी घंटी वाजायची आणि डॉक्टरने हातातलं काम तिथल्या तिथे सोडून हात वर करायचा, असा दवाखान्याचा कायदा. "तोंडात आमचे दोन हात आणि चार हत्यारं," थोरले म्हणत. "माणूस बोलणार कुठून? आणि आम्ही तरी किती नालायक, नेमके तेव्हाच विचारतो, काय, मुलं कशी आहेत?" घंटी फारशी वाजत नसे. वाजवता येते, एवढ्यावरच माणसं धीराने पडून राहत.

जबडा हे त्यांचं सगळ्यात मोठं काम. कवळी बनवायची तर पेशंट चावतो कसा ते ठाऊक हवं, म्हणून दातांचे साचे एका यंत्रावर बसवून हलवून बघतात. बाजारच्या यंत्रात वरचा जबडा हलतो, खालचा टेबलावर स्थिर. थोरल्यांना ते पटेना. "वरचा जबडा हलवून जेवणारा माणूस मला एकदा दाखवा," ते म्हणत. म्हणून त्यांनी असं यंत्र केलं, की वरचे दात स्टँडला पक्के आणि खालचा जबडा हलता. शिवाय माणसागणिक चावण्याची तऱ्हा वेगळी. ती पकडायला त्यांनी हनुवटीला बांधायची एक हलकी पट्टी केली. पट्टीला सुई, सुईसमोर काजळी धरलेली काच. माणूस जेवायला लागला की सुई काचेवर रेघा ओढणार. त्या रेघांबरहुकूम कानशीने घासून पितळेच्या वळणदार पट्ट्या करायच्या आणि यंत्रात बसवायच्या. मग किल्ली दिली, की जबडा हुबेहूब त्याच माणसासारखा चावणार.

असं यंत्र त्यांनी एकच केलं. त्यावरचे दात धाकटीच्या आईचे होते.

आई गेली तेव्हा धाकटीला पुढचे दात नुकते कुठे फुटले होते. तापाचं निमित्त झालं. धाकटीकडे आईची आठवण म्हणून काही नव्हतं. हाताचा स्पर्श नाही, आवाज नाही, एखादं धूसर चित्रसुद्धा नाही. फोटो होते, पण सगळ्या फोटोंत ओठ घट्ट मिटलेले. दातांच्या डॉक्टरची बायको आणि हसताना तोंड लपवते, अशी तिची थट्टा व्हायची म्हणे. कारण डावा सुळा जरा पुढे होता. प्लास्टरमध्ये तो दिसे. धाकटीचाही तसाच होता. शाळेत असताना थोरल्यांनी तार लावून तो सरळ केला. आता कधी कधी पेशंटच्या तोंडात बघता बघता तिची जीभ त्या सुळ्यावर जाई आणि तिला उगाच वाटे, बाबांनी एवढं एक करायला नको होतं.

३

तिला मागची खोली रिकामी हवी होती. आजूबाजूच्या शाळांमधल्या मुलांचे दात फुकट तपासायचे, असं तिने मनाशी धरलं होतं. किडलेला दात ही गरिबाने निमूट सोसायची गोष्ट आहे, असं मानणाऱ्या साऱ्या जगाचा तिला राग होता. त्यासाठी एक्स-रेचं मशीन हवं आणि मशीनला जागा हवी. मागच्या खोलीत छतापर्यंत पेशंटांच्या दातांचे साचे. त्यातले निम्मे पेशंट कधीच वर गेलेले.

"एवढं हसू नका," ती फळीवरच्या दातांना म्हणाली आणि पोत्यात भरू लागली.

शेवटी जबडा उरला. तो टाकायचा नव्हता, घरी न्यायचा होता. तिने आधी मेणाची पट्टी काढली आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरली. माप उजेडात धरून बघणं हे तिच्या हातांना आता विचारावं लागत नसे.

मेणावर चावा होता. नीट, खोल, दोन्ही बाजूंनी.

तिने पट्टी खाली ठेवली. कालची दुपार आठवली. मावशींनी पट्टी सरकवली तेव्हा ती दारातच उभी होती. पट्टी नुसती खालच्या दातांवर टेकवलेली. वरचे दात बोटभर लांब. किल्ली? किल्ली तर तिने आल्या आल्याच काढून खणात टाकली होती.

उन्हाने मेण मऊ पडलं असेल. ठीक. पण मऊ मेण ओघळतं, त्यावर दात उमटत नाहीत. जबड्याचं वजन? खालचा जबडा आपल्या वजनाने खाली लोंबेल. मिटायला तर जोर लागतो.

ती विचार करतच होती, तेवढ्यात तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि तिने पट्टी पुन्हा उचलली. प्लास्टरच्या दाढांची टोकं धारदार होती, तरुण बाईच्या दाढांसारखी. मेणावरच्या दाढा झिजलेल्या होत्या. पन्नाशीच्या पेशंटच्या असतात तशा, गुळगुळीत, मधोमध खोलगट. आणि सगळ्यात मागे, डावीकडे, एक ठसा जास्त होता.

तिने प्लास्टरवर बोट फिरवलं. तिथे नुसती सपाट हिरडी.

अक्कलदाढ. जी आईला यायची राहून गेली होती.

४

बिस्किटांचे डबे माळ्यावर ओळीने होते. तिने ते उतरवून जमिनीवर पसरले आणि मावशींनी दारातून हाक मारली तरी वर पाहिलं नाही.

सगळ्यात जुन्या पट्ट्या ठिसूळ, पिवळट. त्यांवरचा चावा प्लास्टरशी तंतोतंत जुळत होता. मग डबे पुढे सरकत गेले तशी एका पट्टीत मागे बारीकसं टोक दिसू लागलं. नंतरच्या पट्ट्यांत ते वाढत गेलं. अक्कलदाढ अशीच येते, रेंगाळत, कुरकुरत. पुढे सुळ्याची धार गेली. खालचे दोन दात एकमेकांकडे कलले. आणि हल्लीच्या पट्ट्यांत उजवीकडे एका दाढेच्या जागी नुसता उंचवटा. ती दाढ पडली होती, किंवा कुणीतरी काढली होती.

धाकटी जमिनीवर बसून राहिली. कुठल्याही अनोळखी पेशंटची ही मापं असती, तर तिने सहज सांगितलं असतं, बाई घास डावीकडे चावतात. रात्री दात खातात. कसली तरी काळजी आहे त्यांना.

थोरले दर दुपारी दार लावून या खोलीत बसत. तिला वाटे, नवीन काहीतरी बनवताहेत. ते तर बायकोला म्हातारी होताना बघत बसले होते.

"ताई," मावशी दारातूनच म्हणाल्या, "डोळे पुसा. आणि आधी त्याच्यात मेण ठेवा."

"मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला दातातलं काय कळतं? चावलेलं मेण रोज निघतं, एवढं माहीत आहे."

"आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पहिले दिवस झोप उडाली होती. मग म्हटलं, भुकेला काहीतरी आहे आणि मेणावर भागतंय, तर भागू दे." मावशींनी पदराने कपाळ टिपलं. "मेणावर भागतंय तोवर बरं."

५

मेणावरून ती दात वाचू शकत होती, पण दातांच्या मागचं माणूस वाचता येत नव्हतं. ती झोपायला जाई तेव्हा तिच्या मनात एकच हट्ट घोळे. चावणारं तोंड बोलूही शकतं. ज्याच्या तोंडात सतत काहीतरी कोंबलेलं आहे, ते बोलणार कसं? जगातल्या सगळ्या पेशंटांना बाबांनी घंटी दिली, आणि आईच्या तोंडात मात्र बोळा.

पुढच्या दुपारी तिने मावशींना बाहेर बसवलं. यंत्रातली स्प्रिंग काढून खिशात टाकली. मग मेणाची पट्टी काढली आणि स्टुलावर बसून राहिली.

खिडकी उघडी होती. खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचा सुस्कारा वर येत होता. जबडा आपल्या जागी. वरच्या आणि खालच्या दातांच्या फटीतून पलीकडची खिडकीची कडी दिसत होती. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि धाकटीला स्वतःचाच राग येऊ लागला. एवढी शिकलेली मी, प्लास्टरच्या तोंडाकडे डोळे लावून बसले आहे. ती हात धुवायला उठली. नळ सोडला.

मागे 'टक' असा बारीक आवाज झाला. पेशंट तोंड उघडताना कानाजवळ सांधा वाजतो, तसा.

ती वळली. जबडा उघडला होता. चावायला उघडतात तेवढा नाही, बोलायला तर मुळीच नाही. पुरता, मोठा, खाली ओढलेला. तो तसाच राहिला. मग हळूच मिटला, पुरता नाहीच. दोनदा अगदी हलकेच चावल्यासारखं केलं, रिकाम्या तोंडाने. आणि पुन्हा उघडला.

तिच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. मनात ती घाईघाईने कारणं गोळा करत होती: पितळ उन्हाने फुगतं, सांध्यात तेल आहे, बाहेरून गाडी गेली असेल. कारणं बरी होती. पण जबडा पुन्हा उघडला तेव्हा ती पळाली नाही. तिच्या लक्षात आलं की आपण एक पाऊल पुढे टाकलं आहे.

"ताई?" बाहेरून मावशी.

तिने पट्टी उचलून दातांमध्ये ठेवली. पट्टीवर दात बसले, मऊपणे. नाइलाजाने, असं तिला वाटलं.

६

तिने वडिलांची काजळीची काच शोधून काढली. काचेवर रेघांचा पंखा होता, चावण्याच्या असंख्य बारीक वेटोळ्यांचा. त्या सगळ्यांच्या मधून एक रेघ सरळ खाली उतरली होती, लांब, आणि टोकाशी जराशी थरथरलेली. जवळून पाहिलं तर ती एक नव्हती, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गेलेल्या कितीतरी रेघा होत्या. म्हणजे आईने माप देताना हे केलं होतं. पितळेच्या पट्टीत ते वळण होतंच. धाकटीला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं. वळण का घेतलं याचं कारण तेवढं राहिलं होतं, आणि ते वळण आता कोण चालवतंय याचं.

घरी आरशासमोर उभी राहून तिने स्वतःचा जबडा तसा हलवून पाहिला. मोठा उघडायचा, थांबायचं, मिटायचा, दोनदा हलकेच चावायचं. कुठलाही शब्द जमेना. हाक नाही, नाव नाही. ती ओठ हलवून, जीभ फिरवून बघत राहिली, आणि आरशात एक बाई तोंड वासून तिच्याकडे बघत राहिली.

शेवटी तिने मामाला फोन लावला.

"मामा, आई बोलायची कशी?"

"आज हे काय मध्येच?" मामा म्हणाला. "भराभर बोलायची. वाक्य संपायच्या आत हसायची, त्यामुळे तिचे विनोद आम्हाला कधी कळलेच नाहीत. का गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. दवाखाना आवरतेय."

"मागची खोली?"

"हो."

पलीकडे मामाने श्वास घेतलेला ऐकू आला. "तू चालायला लागल्यावर तुझे बाबा तुला सोबत न्यायचे तिथे. घरी तुला सांभाळणार कोण? पण तिथून आलीस की तू ताटाला हात लावायची नाहीस. 'माझं झालं' म्हणायचीस. आम्ही म्हणायचो, बाप भरवत असेल. तो म्हणायचा, मी कुठे भरवलं? आणि तू तर वाळत चाललेली, काडी झाली होतीस नुसती. डॉक्टर झाले, औषधं झाली. एक दिवस त्याने तुला तिथे न्यायचंच बंद केलं आणि माझ्याकडे आणून सोडलं. महिनाभर तू माझ्या हातून जेवलीस, रडत रडत, पण जेवलीस."

"रडत का?"

"तुला माझ्या हातचं नको होतं." मामा हसल्यासारखा झाला. "पोरं असतात हट्टी."

७

त्यानंतर दोन-तीन दिवस ती नेकीने वागली. पट्टी मावशींनीच ठेवायची, आपण मागे जायचं नाही. पोतीही तशीच पडून राहिली. मामाने सांगितलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं आणि त्याचा अर्थ तिला लागत होता, असं नाही म्हणता येणार. फक्त मशीनवाल्याचा फोन आला तेव्हा तिने खोली अजून रिकामी नाही, असं सांगितलं.

मग एका सकाळी बाहेर गर्दी असताना ती पुढच्या पेशंटला बोलवायला दारात आली. बाकावर एक बाई मोठ्या मुलाची दाढ दाखवायला आली होती. मांडीवर धाकटं. त्याला कुस्करलेलं केळं भरवणं चालू होतं. पोर काही तोंड उघडेना, उघड्या दारातून दिसणाऱ्या घंटीकडे बघत बसलेलं. बाईने चमचा त्याच्या ओठांशी नेला.

आणि बाईचं स्वतःचं तोंड उघडलं. मोठं, खालपर्यंत. ते तसंच उघडं राहिलं, पोराने आ करेपर्यंत. चमचा आत गेला. बाईने तोंड मिटलं आणि रिकाम्या दातांनी दोनदा हलकेच चावल्यासारखं केलं, असं, बाळा, असं. आपण हे करतोय याचा तिला पत्ताही नव्हता. कुठल्याच आईला नसतो.

धाकटी चौकट धरून उभी राहिली. काचेवरची ती रेघ. हनुवटीला पट्टी बांधून आई जेवत बसली असेल, मांडीवर ही. नवरा ओरडत असेल, अगं, तुझं तुझं खा, माप बिघडतंय. आणि ती दर दोन घासांनंतर विसरत असेल.

"डॉक्टर, आमचा नंबर ना?" बाई म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. "जेवू दे त्याला आधी."

८

दुपारी मावशींनी दार लोटलं, पाटी उलटी केली, खुर्ची पुसली. मागे जायला वळल्या तेव्हा धाकटी वाटेत उभी होती.

"आज मी ठेवते, मावशी."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मेणच ठेवाल ना?"

"तुम्ही जेवून घ्या."

"तुमचा डबा बाकावर काढून ठेवलाय. गार होईल."

"आलेच."

तिने जबडा स्टँडसकट उचलून पुढे आणला आणि दातांच्या खुर्चीशेजारी, हत्यारं ठेवायच्या तबकावर ठेवला. मागच्या खोलीचं दार लावलं, पुढचंही. मग जन्मात पहिल्यांदाच ती त्या खुर्चीत पेशंटसारखी आडवी झाली. वडिलांनी तार लावली होती तीसुद्धा घरी, उभं करूनच. मामाकडून परत आल्यापासून इथे बसायची परवानगी तिला नव्हती. उजवा अंगठा आपसूक बटणावर गेला. बटण गुळगुळीत होतं, कितीतरी घाबरलेल्या अंगठ्यांनी झिजलेलं.

आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. मामाने सांगितलेलं ती विसरली नव्हती. वाळत चाललेलं पोर, भरलेलं पोट. एकदाच, तिने स्वतःला सांगितलं. एकदाच बघायचं आणि मग मेण. जी गोष्ट साऱ्या जगाला न मागता मिळते ती एकदा घेतली, तर कुणाचं काय जातंय?

तिने हात लांबवून मेणाची पट्टी काढली आणि खाली टाकली.

खुर्ची जराशी वळवल्यावर इथून दातांच्या फटीतून भिंतीवरची घंटी दिसत होती. ती घंटीकडेच बघत पडून राहिली. बाहेर मावशींच्या भांड्याचा आवाज येत होता. 'टक' झालं. जबडा उघडला. दातांमधलं अंतर वाढलं, त्यातून घंटी आणखी मोठी, पुरती दिसायला हवी होती.

घंटी दिसेनाशी झाली. भिंतही. त्या उघड्या दातांच्या मागे काळोख होता, ओलसर, तोंडात असतो तसा. आणि आतून डावीकडे काहीतरी पांढरं चकाकलं. एक दाढ. प्लास्टरची नव्हे.

तिचा अंगठा बटणावर ताठ झाला. ऊठ, कुणीतरी तिच्या आत म्हणालं, बाबांच्या आवाजात. जबडा उघडाच होता. वाट बघत होता. तो घाई करत नव्हता, चिडत नव्हता, पोराने हट्ट केला तरी आईचं तोंड उघडंच राहतं ना, तसा. एवढी वर्षं तो असाच थांबला होता, आणि लोक त्याला मेण देत होते.

धाकटीने डोळे मिटले आणि आ केलं.

आधी खालच्या ओठाला काहीतरी टेकलं. बोटांची टोकं असावीत. मग जिभेवर मऊ, कोमट, किंचित गोड. केळ्यासारखं. तिने चावलं. शेजारी, अगदी कानाजवळ, रिकाम्या दातांनी कुणीतरी तिच्यासोबत दोनदा हलकेच चावलं.

दारावर टकटक झाली.

"ताई, डबा तसाच आहे. जेवताय ना?" मावशी दाराशी थांबल्या. त्यांचा आवाज खाली आला. "ताई? बरं नसेल तर नुसती घंटी वाजवा. मी येते आत."

उत्तर द्यायला धाकटीचं तोंड रिकामं नव्हतं. तिने बटणावरचा अंगठा उचलला, हात पोटावर आणून ठेवला आणि पुढच्या घासासाठी पुन्हा आ केलं.